मागे नाचणारी हिंगानो

हिंगानो जळत होती. खोटं कशाला बोला! बाई वाईट नव्हती. मांगेरेच्या आमच्या चर्चमध्ये कुणाकडे लग्न असो की मयत, पहिलं पातेलं चढवायला हीच पुढे. पण फेब्रुवारीपासून गुरुवार उजाडला की तिच्या पोटात दुखायला लागायचं, आणि त्या दुखण्यावर अख्ख्या ऑकलंडात कुठल्या दुकानात गोळी मिळत नाही.

गुरुवारी यायची लुसेआने. हिंगानोच्या मावशीची मुलगी. चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, युनिव्हर्सिटीत शिकलेली. नाचातून आजारी माणसांना बरं करायचं हे तिचं शास्त्र, आणि त्यावर तिचं संशोधन चाललं होतं. अर्धांगवायूचा झटका आलेली आमची बारा टोंगन म्हातारी माणसं ती चर्चच्या हॉलमध्ये गोल करून खुर्च्यांवर बसवायची आणि बसल्या जागी नाचवायची, नुसत्या हातांनी आणि मानेने. आमचा नाच असतोच मुळी हातांचा, त्यामुळे पायांवाचून फारसं अडत नव्हतं. समोर कॅमेरा, मांडीवर वही. कुणाचं बोट हललं की लगेच वहीत लिहायची.

त्या बारा जणांत हिंगानोची आई होती, अनासेइनी. वय अठ्ठ्याहत्तर. टोंगातल्या हाआपाई बेटांवरच्या गावात ही बाई नाच शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे काय, सोलून काढायची. दुसऱ्यांच्या पोरींना एक शिवी पडली तर पोटच्या पोरीला दहा. "हा हात आहे की काठी? मान कुणाकडे गहाण टाकलीस?" हिंगानोने अठराव्या वर्षी गावच्या मेजवानीत एकटीने नाच केला तेव्हा म्हातारे कोतारे उठून उभे राहिले होते, आणि आई घरी येऊन म्हणाली होती, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीस." बस्स. बाविसाव्या वर्षी लग्न झालं. आमच्यात एकटीने पुढे नाचायचं ते कुवार मुलीने, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. मग न्यूझीलंड, मग हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत नोकरी, ती आज सव्वीस वर्षं. मुलं मोठी होऊन ऑस्ट्रेलियात गेली. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आईची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली.

तीन वर्षं हिंगानोने आईचं सगळं केलं. सहा ते दोन चादरींच्या घड्या, दोननंतर आई. न्हाऊ घालायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला तेल चोळायचं. आईचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, वाळत घातलेलं फडकं गळून पडावं तसा. तिने तो रोज चोळला. रोज म्हणाली, "आई, एकदा बोट हलव ना गं." नाही हललं.

आणि लुसेआनेच्या तिसऱ्याच गुरुवारी हललं! जुनं गाणं लागलं, लुसेआने गुडघ्यांवर बसून आईच्या समोर हात फिरवायला लागली, आणि आईची उजवी बोटं मांडीवर उमलली आणि मिटली. हॉलमध्ये टाळ्या. लुसेआने रडली. हिंगानोनेही टाळ्या वाजवल्या, मग बाथरूममध्ये गेली, कडी घातली आणि टॉवेल दातांत धरून उभी राहिली.

घरी येऊन तिने सगळं तसंच मांडलं. तीच खुर्ची, तेच गाणं, आईचे केस विंचरले, कानामागे फूल खोवलं, स्वतः गुडघे दुखत असताना जमिनीवर बसली. आई दुसऱ्या कडव्यापर्यंत झोपून गेली. घोरायलासुद्धा लागली.

"पिकतं तिथं विकत नाही," फोलाउ म्हणाला. हा हिंगानोचा नवरा. दिवसभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि कुठलाही कार्यक्रम असला की माइक त्याच्याच हातात. "तू रोजची. ती आठवड्याची. पाहुण्यांसमोर माणूस जरा सावरून बसतं."

"तू गप्प बस. आयत्या बिळावर नागोबा आहे ती! मी तीन वर्षं मळायचं, आणि हिने येऊन भाकरी थापायची!"

"अगं, पण भाकरी झाली ना? तुझ्याच आईच्या ताटात पडली."

हिंगानोने त्याचं जेवण आपटून वाढलं.

सगळ्यात जास्त झोंबायचा तो एक शब्द. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते आमच्यात अगदी शब्दशः चालतं. मावशीला मावशी म्हणतच नाहीत, आईच म्हणतात. लुसेआने सहा वर्षांची असताना तिची आई वारली आणि बापाने तिला इकडे शहरात वाढवलं. तेव्हा "आई" म्हणायचा तिला पुरता हक्क, कोण काय बोलणार? पण गुरुवारी हॉलच्या दारातून "आई, कशी आहेस गं?" अशी तिची हाक आली आणि म्हातारीचा चेहरा उजळला की हिंगानोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्याकडे बघून कधी उजळला होता तो चेहरा? तिला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा, एकदाच, तो हात आपल्यासाठी हलावा. बाकी सगळं गेलं चुलीत.

ऑगस्टमध्ये लुसेआने बातमी घेऊन आली. युनिव्हर्सिटीचे पैसे एका वर्षाचे होते, ते डिसेंबरात संपणार. दुसरं वर्ष करायचं तर पैसे आपणच उभे करायला हवेत. आणि तेव्हाही जागा आठच. "पुढच्या वर्षी खांद्यावर काम करायचंय, ताई. ज्यांचा हात मांडीवरून थोडा तरी उचलला जातो, त्यांनाच घेता येईल. आईची बोटं छान झालीत, पण खांदा अजून नाही. तुला घरी कधी दिसलं तर सांग हं. तारीख, वेळ, कसा उचलला, सगळं. घरच्यांनी पाहिलेलंही धरतात."

"दिसलं तर सांगेन," हिंगानो म्हणाली. आणि मनात म्हणाली, बरं झालं. गुरुवार संपतील. देव तिला क्षमा करो, पण ती हेच म्हणाली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

पैसे उभे करायचे म्हणजे आमच्याकडे कोनिसेती. चर्चच्या हॉलमध्ये दुपारभर नाच-गाणं. नाचणारीच्या अंगाला खोबरेल चोळलेलं असतं, आणि लोक उठून, नाचत नाचत जाऊन तिच्या खांद्यावर, दंडावर, गालावर नोटा चिकटवतात. शाळेचं छप्पर, चक्रीवादळातली मदत, पाळकांची गाडी, सगळं असंच उभं राहिलंय. लोक आदल्या दिवशी बँकेत जाऊन मोठ्या नोटा मोडून पाच-पाचच्या घेतात, म्हणजे जास्त वेळा उठता येतं आणि जास्त वेळा दिसता येतं.

शेवटचा मानाचा नाच लुसेआनेचा ठरला. काम तिचं, ती कुवार, तीच नाचणार. आणि आठवडाभर आधी ती ताटभर अळूच्या पानात शिजवलेलं मटण घेऊन हिंगानोच्या दारात.

"ताई, एक मागायचंय. माझ्या मागे तू उभी राहशील?"

मागे उभं राहणं म्हणजे काय ते आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. पुढची नाचते ती संथ, रेखीव, गुडघे जुळवून. तिच्या मागे नात्यातली एखादी थोरली बाई वेडंवाकडं नाचते. उड्या मारते, तोंडं वेंगाडते, ढेंगा टाकते. मागची जितकी ओबडधोबड, तितकी पुढची देखणी दिसते. हा मान आहे. बहिणीने बहिणीसाठी करायचा. आणि ज्या बाईसाठी एके काळी म्हातारे उठून उभे राहिले होते, तिला आता विचारलं जात होतं, माकडचेष्टा करशील का म्हणून.

आई शेजारीच खुर्चीत बसली होती, दोघींकडे टुकूटुकू बघत. आईसमोर नाही कसं म्हणणार?

"करेन की," हिंगानो म्हणाली. "त्यात काय."

लुसेआने गळ्यात पडली. मटण फार चांगलं झालं होतं, याचाही हिंगानोला राग आला.

त्या शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी माणसं पहिल्या रांगेत, अनासेइनी अगदी मधोमध चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. तिची खुर्ची हिंगानोने स्वतः लावली होती. लुसेआनेचा कॅमेरा त्यांच्या मागे, तोंड स्टेजकडे. फोलाउ माइकवर सुटला होता.

"ओ भाऊ, खिशात हात घालून बसलात, थंडी वाजतेय का? काढा बाहेर! हातही आणि नोटही! आणि तू गं, ती पाचाची नोट काय पाळलीयस का? सोड तिला, जाऊ दे नाचायला!"

गाणं सुरू झालं. लुसेआने पुढे आली. तेलाने चकचकीत, डोक्यावर पिसं, कंबरेला मानाची बारीक विणीची चटई. सुंदर दिसत होती, हे हिंगानोलाही मान्य करावं लागलं. पण नाच? नाच बेताचा. मनगट उशिरा वळत होतं. नजर हाताच्या आधी पळत होती. कुणी शिकवलंय हिला? कुणीच नाही. टीव्हीवर बघून शिकलेला नाच.

हिंगानो मागे आली. पहिलं कडवं नीट पार पडलं. तिने ढेंगा टाकल्या, गाल फुगवले, फोलाउकडे बघून डोळा मारला. लोक खिदळले. नोटा पडायला लागल्या. दुसरं कडवं. आणि मग तिसरं.

तिसऱ्या कडव्याशी हिंगानोचा जुना हिशेब होता. लुसेआनेने तिथे हात उचलला, चुकीचा, कोपरातून. आणि हिंगानोचा हात आपोआप वर गेला, बरोबर, मनगटातून. आपोआप म्हणते मी, पण पहिला आपोआप गेला असेल. दुसरा तिने उचलला. गुडघे जुळले, कंबर स्थिर झाली, मान हलकेच कलली. एक्कावन्न वर्षांची, गुडघे धरलेली, लाँड्रीत हात फाटलेली बाई, पण काय नाचली म्हणून सांगू! बघा म्हणावं आता. बघा, कोण कुणाच्या मागे उभं आहे ते.

लोकांनी बघितलं. नजरा पुढचीवरून सरकून मागे गेल्या. एक बाई नोट घेऊन निघाली होती, ती लुसेआनेला ओलांडून मागे आली आणि हिंगानोच्या दंडावर नोट चिकटवून, आपण काय केलं ते कळून, मान खाली घालून परत गेली. हसणं थांबलं. आमच्यात याहून वाईट काही नाही. मागचीने देखणं नाचायचं म्हणजे पुढचीच्या तोंडाला भर सभेत काळं फासायचं. फोलाउच्या हातातला माइक गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदा.

लुसेआनेला काहीच कळलं नव्हतं. कुणीतरी तिच्या कपाळावर लावलेली नोट घसरून डोळ्यांवर आली होती आणि नाचणारीने नोटेला हात लावायचा नसतो. ती आंधळ्यासारखी हसत नाचत होती.

हिंगानोने विजयाने पहिल्या रांगेकडे पाहिलं. आईकडे. आईने तरी बघावं!

आई बघत होती. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट. तीन वर्षांत तो चेहरा असा झाला नव्हता. आणि शालीवरून उजवा हात उठला. थरथरत, अडखळत, मांडीवरून पोटापर्यंत, पोटावरून छातीपर्यंत, खांद्याच्या उंचीला आला. पंजा जमिनीकडे वळला आणि हवेत दोनदा दाबला गेला. खाली. खाली हो म्हणते ना!

हिंगानो धपकन बसली. बसली ती तशीच लोळली, चारी पायांवर रांगली, बेडकासारखी उडी मारून लुसेआनेच्या पायांशी आडवी झाली, डोळ्यांतून धारा आणि तोंडाने हसू. हॉल फुटला. लोकांना वाटलं, आधीचं सगळं मुद्दामच होतं, उंच चढून पडण्यासाठी केलेलं. काय बाई आहे, काय नक्कल केली! फोलाउचा आवाज परत आला आणि नोटांचा पाऊस पडला. दुसऱ्या वर्षापुरते पैसे जमले, वर उरले. हिंगानोने मान वर करून पाहिलं तेव्हा आईचा हात परत मांडीवर होता.

बाजूच्या लोकांचे डोळे स्टेजवर होते. कॅमेऱ्याचं तोंडही स्टेजवर. म्हणजे पाहिलं ते फक्त तिने.

रविवारी प्रार्थनेत तिचं लक्ष नव्हतं. सोमवारी लाँड्रीत ती गुणगुणत होती. उचलला. माझ्यासाठी उचलला. तुझ्याकडे बोटं आहेत लुसेआने, माझ्याकडे अख्खा हात आहे, आणि तो तुझ्या वहीत नाही! मंगळवारी, बुधवारी तिने आईला न्हाऊ घातलं, भरवलं. हात परत हलला नाही, पण तिला घाई नव्हती. आणि सांगायची तर मुळीच नव्हती. सांगितलं की वहीत जाणार, वहीत गेलं की आईला आठ जागांतली एक मिळणार, आणि मग पुढचं अख्खं वर्ष गुरुवार आणि "आई, कशी आहेस गं?"

गुरुवारी सगळे गेल्यावर लुसेआने आईसमोर बसली होती. तिने आईचा उजवा हात हळूच उचलून सोडला. तो खाली पडला. परत उचलला. पडला.

"खांदा नाहीच, ताई," ती म्हणाली. "आज नावं कळवायची आहेत. मी युनिव्हर्सिटीत सांगून पाहिलं, माझी आई आहे म्हणून. ते म्हणाले, म्हणून तर अजिबात नाही." तिने वही उघडली आणि पेन धरून नुसती बसली. लिहीना. आई आपली तिच्याकडे बघून हसत होती. तिच्या कानामागचं फूल घसरलं होतं, ते लुसेआनेने नीट केलं.

हिंगानोच्या जिभेवर कुलूप होतं आणि किल्लीही तिच्याचकडे. आई हसत होती. डिसेंबर संपला की हसणार नव्हती, एवढाच काय तो फरक पडायचा. आणि हिंगानोला तो पडायला हवा होता. अगदी मनापासून हवा होता. म्हणूनच तिला स्वतःची भयंकर शिसारी आली.

"लिही," ती एकदम खेकसली. "शनिवार. तिसरं कडवं. उजवा हात, खांद्यापर्यंत."

लुसेआनेने वर पाहिलं. "काय?"

"उचलला आईने. मी पाहिलं. पंजा असा खाली करून दोनदा दाबला. तुझ्या डोळ्यांवर नोट होती."

"पण... कशासाठी? काय बघून?"

"मला बघून! मी मागे राहून नीट नाचत होते. तुझी शोभा करायची सोडून तुझी लाज काढत होते, मुद्दाम. तिला राग आला. मला रागावायला उचलला. आता लिही आणि मला तोंड दाखवू नकोस दोन दिवस."

लुसेआने चिडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिने लिहून घेतलं. तारीख, वेळ, सगळं. मग पेन बंद केलं आणि आईकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते हिंगानोने ताबडतोब ओळखलं. सात महिने स्वतःच्या आरशात बघितलेलंच होतं ते.

"मला कधीच नाही रागावली ती," लुसेआने म्हणाली. "मी सगळं चुकते, मला माहीत आहे. शनिवारीही चुकले असेन. मला फक्त हसते."

"बरं आहे की मग."

"बरं काय?" ती उठली. आईच्या समोर उभी राहिली आणि नाचायला लागली, हात वाकडे, मान भलतीकडे, ठरवून घाणेरडं. "आई, बघ! हे बघ काय करतेय मी!"

अनासेइनीने पाहिलं आणि गोड हसली. दारात आलेल्या पाहुणीकडे बघून हसतात तसं, प्रेमाने, आणि हात मांडीवर तसाच.

लुसेआने थांबली. हिंगानो आईच्या त्या हसण्याकडे बघत राहिली. याच हसण्यावर आपण जळत होतो?

तिने हातातला थर्मास खाली ठेवला आणि लुसेआनेच्या समोर जाऊन कंबरेवर हात ठेवले.

"हा नाच आहे? एवढी शिकलीस आणि हा नाच? मनगटात काय सिमेंट भरलंय? कुणाच्या घरची आहेस म्हणून सांगणार लोकांना, माझी बहीण म्हणून? हात धुऊन टाक त्या टीव्हीवरच्या नाचाचे आणि पहिल्यापासून कर. पहिल्यापासून म्हणते मी, ऐकू येत नाही का?"

आणि ती एवढी शिकलेली बाई नाक पुसत, हुंदके देत, पहिल्यापासून सुरू झाली.